पिल्लांवरची मरळ

दुकानात येणारा हौशी मासेमार पहिली चौकशी करतो ती आमिषाची. "दादा, सध्या काय चालतंय? बेडूक की चमचा?" मी उलट विचारतो, "जाणार कुठे? आणि तिथलं पाणी चढतंय की उतरतंय?" बहुतेकांनी पाण्याचा विचारच केलेला नसतो. भिंतीवर टांगलेल्या रंगीत पाकिटांवर त्यांची नजर असते. ती पाकिटे विकूनच माझे घर चालते. तरी आधी पाण्याचे बोलणे झाल्याशिवाय मी पाकीट खाली काढत नाही.

दुकान पंचवटी कारंज्यापासून आतल्या गल्लीत आहे, वडिलांनी सुरू केलेले. त्यांच्या वेळी गिऱ्हाईक म्हणजे गोदाकाठचे भोई आणि कोळी. कल्ला जाळ्याचे नायलॉन, शिशाच्या गोळ्या, बोये, जाळे विणायची सुई, एवढा माल पुरत असे. आज तो माल मागच्या फळीवर गेला आणि पुढे रॉड, रीळ, ब्रेडेड दोरा आणि रबरी बेडूक आले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली पोरे, मखमलाबादकडचे द्राक्षबागायतदार, बँकेतले साहेब, सगळे शनिवारी संध्याकाळी काउंटरला टेकून उभे असतात. त्यांच्यात बसून, त्यांच्याबरोबर काठावर जाऊन जे शिकलो ते इथे लिहितो आहे.

एक मात्र आधीच सांगतो. आमच्या दुकानातला गळ गोदाघाटावर पडत नाही. रामकुंडाच्या आसपास भाविक माशांना कणकेच्या गोळ्या आणि चुरमुरे टाकतात, पायरीपाशी मासे गोळा होतात, लहान पोरे पाण्यात हात घालून त्यांना हुसकावतात. त्या माशांना गळ लावायचा नाही, ही पंचवटीची रीत आहे आणि त्यासाठी पाटी लावावी लागत नाही. घाटाचा उपयोग आम्हाला वेगळा. तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले यावर अख्खे नाशिक पूर मोजते: पाय, गुडघे, कंबर, छाती. वडील पावसाळ्यात दुकान उघडण्याआधी मारुतीकडे एक चक्कर मारून येत. मारुतीच्या कंबरेला पाणी म्हणजे त्या दिवशी गळ विकायचाच नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमधले पूर ज्यांनी पाहिले त्यांना यामागचे कारण सांगायला नको. नदीला असे पाणी असताना काठावर उभे राहणे म्हणजे जीव धोक्यात घालणे.

आमचे पाणी म्हणजे मुख्यतः गंगापूर धरण. पंचवटीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, 1965 मध्ये पुरे झालेले, जवळजवळ चार किलोमीटर लांबीच्या मातीच्या भिंतीचे. भिंतीच्या आसपास फिरकायचे नाही. बॅकवॉटरच्या काठालाही मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारून बसायचे. अशा जलाशयांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. संस्था बोटुकली विकत आणून सोडते, वर्षभर राखते. त्या माशावर पहिला हक्क त्यांचा. आपण हौसेने गेलेले, आपण विचारून बसलो तर त्यात कमीपणा काही नाही. खाली निफाडकडे नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. तिथले पाणी पाहून कुणाच्याही हाताला खाज सुटेल, पण ते अभयारण्य आहे. तिथे दुर्बीण न्यायची, रॉड घरी ठेवायचा.

धरणाचे पाणी नैसर्गिक तळ्यासारखे आपल्या चालीने चढत-उतरत नाही. शहराला पिण्याचे पाणी, शेतीला आवर्तन, पावसाळ्यात विसर्ग आणि कमी पावसाच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा वाटा. नोव्हेंबर 2023 मध्ये नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडले गेले तेव्हा वर्तमानपत्रांत नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद रंगला होता. काउंटरवर त्याची चर्चा वेगळ्या अंगाने व्हायची: पाणी उतरायला लागले, आता मासा कुठे सरकेल? म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो की पेपरातला धरणसाठ्याचा तक्ता रोज बघ. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही, आठवडाभराचे आकडे सांगतात.

पाणी चढत असले की मासा काठाला येतो. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळपेऱ्याच्या जमिनीत धसकटे राहिलेली असतात, गवत वाढलेले असते. त्यावर पाणी आले की किडे, गांडुळे, नाकतोडे सगळे त्या पाण्यात सापडतात आणि मासा गुडघाभर पाण्यातसुद्धा चरायला येतो. नवखा माणूस नेमका तेव्हा अंगातला सगळा जोर लावून लांब फेकतो, माशाच्या डोक्यावरून पलीकडे. पाणी उतरू लागले की याच्या उलट. मासा उथळ सोडतो आणि बुडालेल्या जुन्या ओढ्याच्या पात्राला धरून खोलाकडे जातो. तेव्हा काठाचा उतार जिथे एकदम तुटतो तिथे गळ पडला पाहिजे. आणि पाणी चार-सहा दिवस एका जागी ठरले की मासा आपले ठिकाण धरतो. माझ्या मते गळाला सगळ्यांत चांगले दिवस तेच. अमेरिकेत मोठ्या जलाशयांवर बास आणि क्रॅपी धरणारे लोकही सकाळी आधी धरणाची पातळी बघतात, आमिषाची पेटी नंतर उघडतात. मासा वेगळा, देश वेगळा, पण बांध घातलेल्या पाण्याचे गणित एकच.

ऋतूंचे सांगतो, थोडक्यात. थंडीत निफाडचा पारा उतरला की मरळ गप्प होते. तेव्हा दुपारी ऊन लागलेल्या उथळ बाजूला बारीक गळ आणि गांडूळ लावून तिलापिया धरावी. ही 1952 मध्ये परदेशातून भारतात आणली गेली आणि मग कुठल्याही पाण्यात घर करून बसली. ती कितीही धरा, पाण्याचे नुकसान नाही. कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी कणीक आणि शेंगदाण्याची पेंड. फक्त तिघांची पातळी ध्यानात ठेवायची: कटला वरच्या पाण्यात, रोहू मधल्या, मृगळ तळाला. आमिष एकच असले तरी बोया वर-खाली केला की मासा बदलतो. चैत्र-वैशाखात दिवस तापला की पहाट आणि तिन्हीसांजा एवढ्याच वेळा कामाच्या. त्यातही काठचा गाळ सुकलेला वाटतो आणि आत माणूस मांडीपर्यंत रुततो, म्हणून पाण्यात उतरायचे नाही, हे मी रॉडच्या पावतीबरोबर प्रत्येकाला बजावतो.

आता बेडूक. पोकळ रबराचा, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, पाठीला चिकटून वर वळलेले दोन गळ. तो मी गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, दाब. दाबला की रबर आत बसते आणि दोन्ही टोके उघडी पडतात. सोडला की पुन्हा फुगून टोके झाकतो. सगळी करामत एवढीच. गळ वर तोंड करून असल्यामुळे तो पानवेलीवरून, शेवाळावरून, गवतातून ओढला तरी अडकत नाही. टोकाची धार मी अंगठ्याच्या नखावर बघतो: गळ नखावरून घसरला तर बोथट, रुतून थांबला तर ठीक. मरळीचा जबडा हाडाचा असतो, बोथट गळ तिथे लागत नाही. ओढताना सलग ओढायचे नाही. टप्, टप्, मग थांबायचे. मोकळ्या पाण्याच्या डबक्याशी आणून जरा जास्त थांबायचे. पाणी फुटले की लगेच हिसका द्यायचा नाही. दोरा ताणला जाऊ द्यायचा आणि मग मारायचे. हिसक्याची घाई करणाऱ्याच्या हातात नुसता बेडूक परत येतो. रंगाबद्दल लोक फार चर्चा करतात. मरळ खालून वर बघते, तिला बेडकाचे पोट आणि उजेडासमोरची आकृती दिसते. गढूळ पाण्यात काळा, निवळलेल्या पाण्यात हिरवा-तपकिरी, एवढे दोन ठेवले तरी भागते. बाकीचे रंग माणसाला भुलवण्यासाठी आहेत, आणि हे मी गल्ल्यावर बसून सांगतो आहे.

ही आमिषे मुळात बासमाशासाठी घडली. लाकडी आणि प्लास्टिकचे मासेही बाहेरूनच आले. फिनलंडच्या लौरी रापाला यांनी 1936 मध्ये बुचाचा एक छोटा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, आणि आज त्यांचे नाव पंचवटीतल्या पोरालाही माहीत आहे. आपल्याकडे बास नाही. ती जागा मरळीने घेतली. दबा धरून बसणारी, गवताच्या आडोशातून झेप घेणारी, ताकदीची. तेलंगणाने तिला राज्यमासा केले; हैदराबादला मृगाच्या दिवशी दम्यावरचे औषध म्हणून जिवंत गिळायला देतात ती मरळीचीच पिल्ले. महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, समुद्राच्या दृष्टीने ते योग्यच. पण घाटावरच्या माणसाला विचाराल तर तो मरळीचे नाव घेईल.

मरळीची ओळख पटायची तर तिचा श्वास बघावा लागतो. तिला कल्ले असतातच, पण तेवढ्यावर तिचे भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तिला हवा घ्यावी लागते. त्यामुळे जिथे रोहू तडफडून मरेल अशा सडक्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यातही ती तग धरते. शहराचे सांडपाणी मिसळल्यावर खालच्या अंगाला नदीत पानवेलींचा जो गालिचा पसरतो, त्याखाली टिकणाऱ्या थोड्या माशांत ती एक आहे. (तपोवनाच्या खालचा मासा धरला तरी खाऊ नका, असे मी गिऱ्हाइकांना सांगतो. हे सांगताना वाईट वाटते, कारण हीच गोदावरी वडील ओंजळीने प्यायचे.) वर आल्याची खूण म्हणजे पाण्यावर उमटणारे एक गोल वलय आणि हलका 'पुक्' असा आवाज. ज्याला ते वलय ओळखता आले त्याला मरळ सापडली. उन्हाळ्यात तिच्या मागावर जायचे ते असेच, आवाज ऐकत.

मृगाच्या सरी पडल्या की मरळीचे दिवस बदलतात. नर-मादी मिळून गवतात एक मोकळी जागा करतात, तिथे पिवळसर अंडी पाण्यावर तरंगतात, आणि दोघेही त्यांच्याखाली राखणीला थांबतात. पिल्ले निघाल्यावरही पुढचे काही आठवडे त्यांची राखण चालते. रोहू-कटला पुराच्या पाण्यात लाखांनी अंडी टाकून मोकळे होतात. मरळ थोडी घालते आणि सांभाळते. तिच्या जातीचे सगळे भवितव्य त्या राखणीवर उभे आहे.

आणि नेमक्या याच दिवसांत माझ्याकडे बेडकाला सर्वांत जास्त मागणी असते. कारण पिल्लांवर असलेली मरळ बेडूक हमखास घेते. भुकेने नाही, रागाने. पिल्लांवरून जे काही जाईल त्याच्यावर ती धावून जाते.

आषाढातली एक सकाळ आठवते. बॅकवॉटरच्या एका आत शिरलेल्या चिंचोळ्या बाजूला आम्ही तिघे उभे होतो, पाऊस नुकताच उघडला होता. समोर आठ-दहा हातांवर पाण्यात परातीएवढा लालसर डाग हलत होता. नीट पाहिले तर तो डाग म्हणजे शेकडो पिल्ले होती, काडीएवढी, केशरी-तांबडी, एकमेकांत गुंतून फिरणारी. दर थोड्या वेळाने सगळा थवा एकदम वर यायचा आणि पाणी उकळल्यासारखे बारीक बुडबुड्यांनी फुटायचे: एवढीशी पिल्ले, त्यांनाही हवा लागतेच. थव्याच्या खाली काळी सावली फिरत होती. थवा डावीकडे गेला की सावली डावीकडे. एकदा एक बोटभर तिलापिया जवळ आली, सावली सरळ वर उसळली, आणि तिलापिया उडून गवतात पडली. माझ्याबरोबरच्या सातपूरच्या पोराने रिळाची तार उघडली होती. मी त्याचे मनगट धरले. "थांब, ती पिल्लांवर आहे." तो म्हणाला, "म्हणून तर काका! आत्ता टाकला की घेणारच." मी म्हटले, "घेणारच आहे, तर त्यात तुझं कसब काय?" तो थांबला. आम्ही बराच वेळ तिथे उभे राहून पाहिले. पाण्यात चार-पाच तिलापिया त्या थव्यापासून ठरावीक अंतरावर घुटमळत होत्या, जवळ यायला धजत नव्हत्या. मरळ उचलली असती तर त्या थव्याचे काय झाले असते हे त्याला मी सांगायची गरज उरली नाही.

यावर मला काउंटरवर दोन उत्तरे मिळतात. पहिले: आम्ही धरून सोडतो, मारत नाही. सोडता हे चांगलेच. पण गळ काढायचा, फोटो काढायचा, वजन करायचे, यात जी मिनिटे जातात त्यात थवा राखणीविना असतो. उत्तर अमेरिकेत बासचा नरही असाच घरट्यावर आणि पिल्लांवर राखण करतो, आणि तिथल्या संशोधकांनी पाहिले आहे की नर थोडा वेळ जरी गळावर गेला तरी भोवतालचे मासे अंडी-पिल्ले खाऊन टाकतात, आणि दमून परत आलेला नर पुष्कळदा राखण सोडून देतो. म्हणून कॅनडातल्या ऑन्टारिओसारख्या प्रांतात बासची मासेमारी बऱ्याच ठिकाणी वसंतात बंद असते आणि जूनच्या उत्तरार्धात उघडते. ज्या लोकांची आमिषे आपण आनंदाने घेतली त्यांचा हा नियमही घ्यायला काय हरकत आहे?

दुसरे उत्तर जास्त जड आहे: जाळ्यात शेकड्याने जातात, चढणीचे मासे गावेच्या गावे धरतात, मग आमच्या एका गळाने काय होणार? चढणीला अंड्यांनी भरलेला मासा धरण्याची हौस मलाही पटत नाही आणि ते मी बोलतो. पण संस्थेचा माणूस पाण्यात उतरतो तो चुलीसाठी. त्याच्याशी आपली बरोबरी नको. आमच्याकडे नायलॉन न्यायला येणारे एक वृद्ध भोई बाबा आहेत, पाण्यात आयुष्य गेलेले. त्यांना मी हे विचारले तेव्हा ते म्हणाले, "जाळ्यात आली तर आली, बाबा. पण लाल पोरं दिसली की आम्ही तिथं जाळं लावत न्हाई. पुढल्या साली काय खायाचं?" ज्याचे पोट त्यावर आहे तो माणूस एवढे पाळतो. आपले पोट तर त्यावर नाही.

दुकानापुरते मी जे करता येईल ते करतो. मृग लागला की बेडकांची पाकिटे पुढच्या खिळ्यावरून काढून मागे ठेवतो आणि पुढे बारीक गळ, बोये, पेंड मांडतो. कुणी बेडूक मागितलाच तर देतो, पण लाल थव्याची ओळख करून दिल्याशिवाय देत नाही. काही जण ऐकून घेतात, काही दुसऱ्या दुकानात जातात. पावसाळ्याचे तीन महिने गल्ला थोडा हलका होतो. ते मला चालते.

तुम्ही या आषाढ-श्रावणात कुठल्याही धरणाच्या काठाला गेलात, आणि पाण्यात लालसर थवा फिरताना दिसला, तर दोरा गुंडाळा आणि शंभर पावले पुढे जा. बारीक गळाला गांडूळ लावा, तिलापिया मिळेल, पोरांनाही धरता येईल. मरळ हवी असेल तर होळीनंतर या. पाणी उतरलेले असेल, पिल्ले सुटी झालेली असतील, आणि कुठला बेडूक कुठे टाकायचा ते मी तुम्हाला वेळ काढून सांगेन.